पन्नासच्या टाकीत सत्तावन्न लिटर : पंपवाल्याला चोर ठरवण्याआधी

“कंपनी म्हणते टाकी 50 लिटरची, पंपावर बिल आलं 57 लिटरचं. म्हणजे 7 लिटर चोरले! जागे व्हा, सगळ्या ग्रुपवर पाठवा.” हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. खाली उपायही जोडलेले असतात. टाकी एकदा पूर्ण कोरडी होऊ द्या, मग गळ्यापर्यंत भरा, जो आकडा येईल ती खरी क्षमता. तिला मायलेजने गुणा, म्हणजे गाडी किती किलोमीटर जाईल ते कळेल. शंभर-दोनशेचं घेऊ नका, 110-210 चं घ्या. पहाटे भरा. उन्हाळ्यात अर्धीच भरा, नाहीतर स्फोट होईल.

आता हा मेसेज माझ्या मामेभावापर्यंत पोहोचलाय. त्याने मोठी व्हॅन घेऊन तिच्यात झोपायच्या जागा आणि छोटा ओटा बसवून घेतला आहे. पुस्तिकेत टाकी 70 लिटर लिहिलेली, नाशिकजवळच्या एका पंपावर बिल झालं 78 लिटरचं. तिथे त्याने पोरवयाच्या कर्मचाऱ्याला सगळ्यांसमोर चोर म्हटलं. आणि आता तोच 78 चा आकडा धरून, दहाच्या मायलेजने 780 किलोमीटर असा हिशोब करून, तो मामा-मामींना घेऊन मनालीहून लेहला निघालाय. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी चोरीचा आरोप. पुस्तिकेतला आकडा हा टाकीत काठोकाठ मावेल त्याचा आकडा नसतो. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने स्पष्ट केलेलं आहे की जाहीर केलेली क्षमता प्रत्यक्षात मावणाऱ्या इंधनापेक्षा साधारण 15 ते 20 टक्क्यांनी कमी असते. ही जागा मुद्दाम सोडलेली असते. जमिनीखालच्या टाकीतलं थंड डिझेल तुम्ही भरता आणि गाडी उन्हात उभी करता. 70 लिटर डिझेल 15 अंशांनी तापलं तर जवळजवळ पाऊण-एक लिटर फुगतं. ते जाणार कुठे? शिवाय टाकीपासून झाकणापर्यंतची नळी असते, तीही भरते.

नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं. इंधन तिथवर चढलं की हवा बंद होते आणि खटका पडतो. भरणं तिथे थांबायला हवं. पण आपल्याकडे काय होतं? बिल 4,870 वर थांबलेलं असतं, मागून आवाज येतो, “पाच हजार कर रे!” मग तो मुलगा नोझल जरा वर उचलून थोडं थोडं सोडतो, खट, खट, खट, नळीत फेस गुरगुरत वर येतो, पुन्हा थांबतो, पुन्हा सोडतो. ते जास्तीचे लिटर तुमच्याच गाडीत आहेत. मामेभावाचे 78 लिटर म्हणजे 70 वर साधारण 11 टक्के. यात चोरी कुठे दिसली?

फेब्रुवारी 2023 मध्ये जबलपूरला उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींच्या गाडीत 50 च्या टाकीला 57 लिटरचं बिल झालं आणि पंप सील झाला. मेसेज फिरवणारे हा दाखला छातीठोकपणे देतात. पण 50 वर 14 टक्के वाढवले की 57 च होतात. नुसत्या त्या आकड्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

पंपांवर चोरी होत नाही असं मी म्हणणार नाही. 2017 मध्ये लखनौत उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष कृती दलाने (एसटीएफ) यंत्रात चिप बसवलेले पंप पकडले, नंतर ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातही छापे घातले. मीटर पुढे पळतो, टाकीत कमी पडतं, ही चोरी खरी आहे. पण ती टाकीच्या आकड्यावरून कळत नाही. तुम्ही वीस लिटर घेतले आणि एकोणीस मिळाले तर 70 च्या टाकीला पत्ताही लागणार नाही. ती पकडायचा रस्ता एकच, पाच लिटरचं माप. वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं हे माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाईकाने मागितलं की त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला 25 मिलिलिटर इकडेतिकडे चालतं, त्याहून कमी भरलं तर वैधमापनकडे तक्रार करायची. नाशिकच्या त्या पंपावर मॅनेजरने स्वतःहून शंकूच्या आकाराचं ते माप आणून सपाट जागी ठेवलं आणि भरून दाखवलं. डिझेल बरोबर मानेवरच्या खुणेला टेकलं. भावाने ते पाहिलं, तरी त्या मुलाची माफी मागितली नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

110-210 चं म्हणाल तर यंत्र लिटर मोजतं, तुमची रक्कम गोल आहे की नाही याने मापात फरक पडत नाही. पहाटे भरायचा मुद्दा कागदावर अर्धा खरा. थंड इंधन दाट असतं, पण पंपाची टाकी जमिनीत पुरलेली असते, दिवस-रात्रीत तिचं तापमान फारसं हलत नाही. उन्हाळ्यातल्या स्फोटाची अफवा इंडियन ऑइलने जाहीरपणे खोडून काढली आहे : उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपर्यंत कोणत्याही ऋतूत भरणं सुरक्षित आहे.

खरा घात आहे तो टाकी कोरडी करण्याच्या सल्ल्यात. पेट्रोल गाडीचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. आजकालच्या डिझेल गाड्यांच्या उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचंच. टाकी संपली की पंप कोरडा घासतो, नळ्यांत हवा शिरते, आणि नंतर डिझेल ओतलं तरी हवा काढेपर्यंत गाडी सुरू होत नाही. हे कसारा घाटात किंवा एक्सप्रेसवेवर मागून ट्रक येत असताना झालं तर? आणि गळ्यापर्यंत भरणं पेट्रोल गाडीला आणखी वाईट, कारण वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात पातळ पेट्रोल शिरून तो निकामी होतो.

एवढं करून हाती आलेला आकडा प्रवासाला निरुपयोगी. तळाचं थोडं इंधन नळीला ओढताच येत नाही, चढावर ते एका बाजूला सरकलं की आणखी कमी. भावाला मी सांगितलेली रीत साधी आहे. पहिल्या खटक्यापर्यंत भरायचं, ट्रिप मीटर शून्य करायचा. रिझर्व्हचा दिवा लागला की पंप गाठून पुन्हा पहिल्या खटक्यापर्यंतच भरायचं. समजा 60 लिटर बसले, तर तुझ्या हातात 60 लिटर आहेत. उरलेले 10 अडचणीसाठी, ते हिशोबात धरायचे नाहीत. मायलेजही सामान, पाणी, माणसं भरून घाटात काढलेलं धरायचं. समजा ते 7 पडलं, तर 420 किलोमीटर. 780 नव्हे.

मनाली-लेह रस्त्यावर केलाँगच्या अलीकडे तांडीचा पंप आहे. “पुढचा पंप 365 किलोमीटरवर” ही त्याची पाटी प्रसिद्ध आहे. त्यापुढे बारालाचा ला ही खिंड, मग 5,300 मीटरच्या वरची तांगलांग ला. तिथे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासन्‌तास चढायचं, रस्ता बंद झाला तर मागे फिरायचं. 420 तून 365 गेले की हातात 55 किलोमीटर. रात्री मामा-मामींसाठी गाडीतला डिझेल हीटर लावणार, तोही याच टाकीतून पितो, एका रात्रीत लिटर-दोन लिटर. म्हणून तांडीला टाकी भरायची, सोबत 20 लिटरचा धातूचा कॅन भरून घट्ट बांधून घ्यायचा, आणि 78 चा आकडा डोक्यातून काढून टाकायचा.