दहा मिनिटांत आलेल्या तीन सुऱ्या

आज दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय. घरात तोंड उघडलं असतं तर भांडण झालं असतं, आणि पंगतीला अजून चार माणसं बसायची होती.

झालं असं की घरी पाहुणे होते. त्यातल्या एका जवळच्या बाई (नाव घेत नाही, त्या फेसबुकवर आहेत, माझ्या लिस्टमध्येही आहेत, वाचलं तर वाचू देत) मदतीला म्हणून ओट्याशी आल्या. कोशिंबिरीची काकडी चिरली, लिंबं कापली. सुरी घेतली ती नेमकी माझी. मग ती तशीच, लिंबाच्या रसाची, मिठाच्या हाताची, सिंकमध्ये खरकट्या पातेल्यात टाकली. दोन तासांनी मी पातेलं उपसलं तर पात्यावर नारिंगी गंज. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "अगं, गंजली बघ. टाकून दे. आणि कापते पण कशी गं तिरकी! केवढ्याला घेतलीस?"

मी सांगितलं, चारशे.

त्या हसल्या. फोन काढला. माझं पातं घासून होईपर्यंत खाली बेल वाजली. १४९ रुपयांत तीन सुऱ्या. पिवळी, हिरवी, गुलाबी. दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील. "घे, माझ्याकडून भेट."

आता यात चिडण्यासारखं काय, असं माझ्या नवऱ्यालाही वाटतंय. तुम्हाला वाटणार नाही म्हणून तुम्हाला सांगतेय.

ही सुरी मला मिळायला साडेतीन महिने लागले होते. माझं माहेर मालवण तालुक्यातलं. गावच्या वाटेवर एका मेस्त्रींची लोहारसाळ आहे. लहानपणी शाळेतून येताना आम्ही तिथे भाता ओढायला मिळावा म्हणून रेंगाळायचो. आता भात्याच्या जागी विजेचा पंखा आलाय, बाकी तेच. अर्धी जमिनीत गाडलेली ऐरण, पाण्याची दगडी डोण, लोणारी कोळसा, आणि भर दुपारीसुद्धा अंधार. हा अंधार गरिबीचा आहे असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. तो मुद्दाम ठेवलेला असतो. तापलेल्या लोखंडाचा रंग उजेडात कळत नाही.

गेल्या मे महिन्यात गेले तेव्हा म्हटलं, मेस्त्री, मला एक छोटी सुरी करून द्या. ओट्यावर रोज वापरायला.

दुकानात आपण सुरी मागितली की दुकानदार सुरी दाखवतो. मेस्त्रींनी दाखवलं काहीच नाही. उलट मलाच विचारत बसले. "काय कापतलस? मासो काय भाजी? नारळ फोडशीत तिच्यान? बसान कापतस काय उभ्यान?" मी म्हटलं, भाजी, फळं, कधी मासळी, नारळ नाही, उभ्याने. मग त्यांनी एक कोयती माझ्यासमोर धरली. मी ती घेतली. उजव्या हाताने. कारण कुणी काही दिलं की उजव्या हातानेच घ्यायचं, हे माझ्या पाठीत धपाटे घालून शिकवलेलं आहे. त्यांनी कोपऱ्यातली एक कैरी माझ्याकडे टाकली आणि म्हणाले, सोल.

मी कोयती डाव्या हातात घेतली आणि सोलायला लागले.

मेस्त्री हसले. "डावखुरी मां गो तू! मगे सांगूक नको?"

खरं सांगते, मला कुणी हे असं विचारलेलंच नव्हतं. शाळेत बाईंनी पट्टीने विचारलं होतं. सासरी आल्यावर "डाव्या हाताने वाढू नकोस हं" असं गोड आवाजात विचारलं होतं. पण डावखुरी आहेस तर आधी सांगायचं नाही का, म्हणजे मला त्याप्रमाणे करता आलं असतं, असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. मेस्त्रींची कोयती काय, सुरी काय, धार एकाच अंगाने घासलेली असते. दुसरं अंग सपाट. उजव्या हाताला ती सरळ जाते, डाव्याला ती पात्यासकट बाहेर पळते. तुमच्या घरातली दातेरी पावाची सुरी घ्या, तीही बहुतेक एकाच बाजूने घासलेली निघेल. मी आयुष्यभर पावाचे तिरके तुकडे कापले आणि समजत राहिले की माझाच हात वाईट. विळीवर कधी हा त्रास झाला नाही, विळीला डावं-उजवं नसतंच. बसून चिरायची तोवर मी सुगरण होते, ओट्यापाशी उभी राहिले आणि वेंधळी ठरले.

त्या दिवशी मी तिथे दोन तास बसले. माझी सुरी नव्हे, दुसऱ्याच कुणाची कोयती चालली होती. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा तोडून घेतलेला. वर्षानुवर्षं ओझी झेलून वाकलेलं आणि परत सरळ झालेलं ते पोलाद, ते म्हणे बाजारच्या पट्टीपेक्षा बरं. ठोकून आकार आला, कानस फिरली, आणि मग पाणी द्यायची, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करायची वेळ आली तेव्हा मेस्त्रींनी बोलणं बंद केलं. पातं लाल केलं, फक्त धारेकडची बाजू डोणीत बुडवली, बाहेर काढून दगडावर दोनदा घासली आणि तसेच बघत उभे राहिले. पाठीकडची राहिलेली धग हळूहळू धारेकडे सरकत होती. घासलेल्या चकचकीत भागावर एक रंग चढत गेला, फिकट पिवळा, मग जरा गडद. "सुक्या गवताचो रंग दिसता मां?" म्हणाले, आणि चर्र करून अख्खं पातं पाण्यात. तो रंग यायच्या आत बुडवलं तर धार काचेसारखी तुटते. निळा होईपर्यंत थांबलं तर मऊ पडते, वाकते. इंजिनिअर भाच्याला विचारलं, तो म्हणाला तो पिवळा साधारण २२० ते २३० अंशांना येतो, निळा ३०० च्या आसपास. मेस्त्रींकडे अंश मोजायला काही नाही. अंधार आहे आणि डोळे आहेत.

आणि हे सगळं मला आज आठवत होतं, हातात घासणी, समोर गुलाबी सुरी.

बरं, उशीर झाला हे मान्य. मीही जूनमध्ये तीनदा फोन केला, आणि तिसऱ्यांदा जरा आवाज चढवूनच. पण पाऊस तोंडावर आला की लोहाराकडे फाळ, कोयते, कुदळी यांची रांग लागते. मृग कुणासाठी थांबत नाही, मग एका मुंबईकरणीच्या काकडीसाठी मेस्त्री कुठे थांबणार? जुलैत सुरी तयार झाली. चुलतभाऊ कुरिअरवाल्याकडे घेऊन गेला तर तो म्हणाला चाकू पाठवत नाही, पोलीस केस होते. चार इंचांचं पातं! २०१६ च्या शस्त्र नियमांतसुद्धा गोष्ट आहे ती ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची, आणि त्यातूनही निव्वळ घरकामाची, शेतीची अवजारं वगळलेली. पण कोयता म्हटलं की हल्ली लोकांना पेपरातल्या बातम्याच आठवतात. आमच्याकडे माणूस कमरेला आकडी बांधून त्यात कोयता अडकवून बाजारात जातो आणि येताना भाजी आणतो. असो. शेवटी चतुर्थीला गेले तेव्हा मीच घेऊन आले, गणपतीच्या पेढ्यांच्या पिशवीतून.

पातं माझ्या अंगठ्याएवढं रुंद. मूठ शिवणीच्या लाकडाची, हलकी. मागचं निमुळतं शेपूट लाल करून मुठीत जाळत बसवलेलं, त्यामुळे मुठीच्या तोंडाशी थोडं करपलंय, आणि त्यावर पितळेची शेंबी, म्हणजे मुठीच्या तोंडाशी बसवलेलं कडं. शेंबी मी मागितली नव्हती. आणि धार डाव्या अंगाने घासलेली. घरी येऊन पहिला टोमॅटो कापला तेव्हा सुरी सरळ खाली गेली. मी अजून एक कापला. मग अजून एक. त्या दिवशी टोमॅटोचं सार केलं, दुसरा इलाज नव्हता.

म्हणून "कापते पण कशी गं तिरकी" हे वाक्य मला झोंबलं. तिरकी कापणारच! ती तुमच्यासाठी नाहीये! या अख्ख्या घरात, कात्र्यांपासून साल काढणीपर्यंत, उजव्या हातांनी भरलेल्या या घरात एक, फक्त एक वस्तू माझ्या हाताची आहे, आणि तीच घेऊन तुम्ही लिंबं कापलीत आणि नावं ठेवलीत.

हं. जरा पाणी पिऊन आले.

स्टेनलेसला सहसा गंज धरत नाही, मान्य. ही सुरी कैरी-लिंबाने काळवंडते, कापलेल्या सफरचंदाला कधीकधी लोखंडाची चव येते, मुलगी नाक मुरडते, तेही मान्य. आणि हिरवी सुरी मी मघाशी गुपचूप वापरून बघितली. कापते. चांगली कापते. काय करू आता, खोटं कशाला बोलू?

त्या बाईंनाही काय दोष द्यायचा. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की ही पुसून ठेवायची असते. मीच सांगायला हवं होतं. मेस्त्रींनी मला बजावलं होतं, "वली ठेवू नको, पुसून खोबऱ्याचा तेल लाव." मी पाहुण्यांसमोर सुरीचे नियम सांगत बसले असते तर आगाऊ दिसले असते, म्हणून गप्प बसले आणि आता इथे तोंड सोडतेय.

आणि आता एक गोष्ट सांगते जी मघाशी खाऊन टाकली. "चारशे" म्हणाले ना मी? मेस्त्रींनी साडेचारशे सांगितले होते. मेमध्ये, कैरी सोलून झाल्यावर. आणि मी, जी आत्ता हस्तकलेवर अश्रू ढाळतेय तीच मी, म्हणाले, "साडेचारशे? मेस्त्री, गावचीच ना मी? चारशे करा." सवयीनेच बोलून गेले. जसं कोथिंबिरीच्या जुडीबरोबर दोन मिरच्या मागतो तसं. त्यांनी घासाघीस केली नाही. "बरा" म्हणाले. आगाऊ पैसेही घेतले नाहीत, आधी सुरी बघ म्हणाले. नंतर त्यात पितळेची शेंबी घातली आणि चारशेच घेतले. मॉलमध्ये डब्यातल्या परदेशी सुरीवर छापलेला आकडा बघून मी कधी "गावचीच ना मी" म्हटलेलं नाही. काउंटरवरच्या मुलीने हाकलून दिलं असतं.

म्हणजे त्या बाई १४९ म्हणाल्या आणि मी चारशे म्हणाले. आमच्यात फरक आहे, पण वाटतो तेवढा नाही. हे लिहिताना राग जरा उतरलाय, आणि त्याचा मला अजून राग येतोय.

लिहिता लिहिता मध्येच मेस्त्रींना फोन लावला. नातवाने उचलला, त्यांना दिला. म्हटलं, मेस्त्री, सुरीला गंज आला हो, पाहुण्यांनी सिंकमध्ये टाकली. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "लोखंडाक गंज येतलोच गो. राख घे, घास, तेल लाव. नायतर घेवन ये, मी बघतंय." मग म्हटलं, त्या म्हणत होत्या तिरकी कापते. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग ते खोकल्यासारखं हसू.

"उजव्यान कापल्यानी मां?"

हो म्हटलं.

"तेंका सांग, येगळी करून दितलंय. उजव्याची. पण साडेचारशाक हां. तुका दिली तशी चारशाक नाय."