पैलवानकी सोडली म्हणून मांसाची चरबी होत नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘पोराला तालमीत घालू नका. मेहनत बंद झाली की कमावलेल्या मांसाची चरबी होते. व्यायामानं अंग दुखतं ते साचलेल्या ॲसिडमुळं, त्यानं स्नायू सडतात. चरबी घालवायची तर नुसता घाम काढा, घामावाटे ती बाहेर पडते.’

तो वाचून कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या माझ्या धाकट्या बहिणीनं पोराला तालमीत पाठवायचं थांबवलं. भाचा बारा वर्षांचा. खासबागेत कुस्त्या बघून आल्यापासून लंगोट मागत होता. “दादा, तू जीवशास्त्र शिकवतोस न्हवं? मग सांग की, खरं हाय का खोटं?” खोटं आहे. आणि या खोट्यापायी पोरं मातीपासून तुटणार असतील तर गप्प बसणं मला जमणार नाही.

मांसाची चरबी होते, हा पहिला दावा. भाच्याला मी कॉलेजात नेलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन स्लाइड ठेवल्या. पहिलीत स्नायूचे धागे होते: लांबलचक, त्यांवर आडव्या बारीक पट्ट्या, एकेका धाग्यात कडेला सरकलेली कितीतरी केंद्रकं. त्या पट्ट्या म्हणजे ॲक्टिन आणि मायोसिन या दोन प्रथिनांच्या तंतूंची शिस्तीत लावलेली मांडणी. हे तंतू एकमेकांत सरकतात तेव्हा स्नायू आखडतो, हे 1954 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी मांडलं. दुसऱ्या स्लाइडमध्ये मेदपेशी होत्या. “मामा, ह्यात आत काहीच न्हाई.” बरोबर आहे, स्लाइड तयार करताना चरबी विरघळून निघून जाते आणि बुडबुड्यासारखी रिकामी पेशी उरते. जिवंतपणी ती जवळजवळ सगळी एका मोठ्या थेंबानं भरलेली असते आणि तिचं एकुलतं केंद्रक कडेला दाबलं गेलेलं असतं.

एकीत प्रथिनांचे तंतू, दुसरीत तेलाचा थेंब. मेहनत थांबली म्हणून पहिलीची दुसरी होत नाही. जोर-बैठकांनी मुख्यतः स्नायूचे आहेत तेच धागे जाड होतात. मेहनत थांबली की शरीर त्यातली जादा प्रथिनं मोडतं, त्यातली अमिनो आम्लं दुसरीकडे वापरतं, आणि धागे पुन्हा बारीक होतात.

मटण आणलंत की मांडीचा तुकडा नीट बघा. लाल मांस वेगळं, पांढरी चरबी वेगळी. शिजल्यावर मांसाचे धागे सुटतात, चरबी वितळून रश्शावर येते. कधी लाल मांसातही पांढऱ्या रेघा दिसतात. माणसाच्याही स्नायूत अशी चरबी साठते, पण ती धाग्यांच्या मधल्या जागेत, वेगळ्या पेशींपासून तयार होते.

मग पैलवान सुटतात ते का? हे नाकारण्यात अर्थ नाही, माझ्या घरातच मी ते पाहिलंय. आप्पांचा गुडघा गेला आणि बत्तिसाव्या वर्षी कुस्ती सुटली. पहाटेच्या मेहनतीला ते जायचे बंद झाले, पण गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायचे थांबले नाहीत. समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध, घरी आल्यावर बदामाची थंडाई, जेवताना तुपाची धार. सवय अंगात मुरलेली, भूकही तशीच. म्हशीच्या लिटरभर दुधात साधारण 1000 किलोकॅलरी असतात. शरीरातली किलोभर चरबी म्हणजे साधारण 7700. आधी मेहनतीत जळून जाणारं ते लिटरभर दूध आता रोज शिल्लक पडू लागलं, तर कागदावरच्या हिशोबानं आठ दिवसांत किलोभर चरबी. प्रत्यक्षात इतका सरळ हिशोब चालत नाही, पण दिशा हीच. एकीकडे धागे बारीक होत गेले, दुसरीकडे मेदपेशी भरत गेल्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच अंगात घडल्या म्हणून बघणाऱ्याला एकाचं दुसरं झाल्यासारखं वाटलं. आप्पांना पुढं साखरही लागली. दोष तालमीचा नव्हता. मेहनत सुटली की खुराक कमी करायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

ॲसिडचं म्हणाल तर दमछाक होताना रक्तात लॅक्टेट, म्हणजे लोक ज्याला लॅक्टिक ॲसिड म्हणतात ते, वाढतं हे खरं. पण विश्रांती घेतली की साधारण तासाभरात ते मूळ पातळीला येतं. हृदय ते जाळून ऊर्जा काढतं, यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं. स्नायू आणि यकृत यांच्यातला हा फेरा कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्यानं उलगडला; त्यांना 1947 चं नोबेलही मिळालं, ग्लायकोजेनवरच्या, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेवरच्या कामासाठी. अंग मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतं, तोवर लॅक्टेट केव्हाच गेलेलं असतं. सवय नसलेल्या ताणानं धाग्यांना बारीक इजा होते आणि ती भरून येताना सूज येते, दुखणं त्याचं. बैठकीत खाली जाताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, म्हणून नवख्याच्या मांड्या एवढ्या भरून येतात. चार-पाच दिवसांत हे ओसरतं. सडत काही नाही. लघवी चहासारखी काळपट झाली तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठायचा.

राहिला घाम. घामात पाणी आणि मीठ असतं, काम अंग थंड ठेवण्याचं. मेहनतीनंतर काट्यावर उतरलेलं किलोभर वजन पाणी प्यायल्यावर परत येतं. चरबी जळते तेव्हा तिचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. 10 किलो चरबी पूर्ण जळली तर सुमारे 8.4 किलो श्वासावाटे वायू होऊन जाते, उरलेल्याचं पाणी होतं. कुस्तीआधी वजन उतरवायला जाड कपडे घालून, पाणी न पिता पळणाऱ्या पोरांनी हे जरूर वाचावं. त्यात चरबी जात नाही, रक्तातलं पाणी कमी होतं, आणि उन्हाळ्यात हा खेळ जिवावर बेतू शकतो.

भाचा सोमवारपासून पहाटे तालमीत जातोय. पहिल्या तीन दिवसांत त्याला जिना उतरता येईना, तेव्हा बहिणीचा घाबरून फोन आला. तिला म्हटलं, शनिवारपर्यंत थांब. आणि एक लिहून ठेव, ज्या दिवशी तो मेहनत सोडेल, त्याच दिवशी त्याच्या दुधाचा तांब्या अर्धा करायचा.