तपासलं नाही तर निघत नाही

शेजारच्या नानांना परवा शुगर निघाली. शब्द नीट ऐका. झाली नाही, निघाली. नाना दाढ काढायला गेले होते. दातांच्या डॉक्टरांनी "आधी साखर बघून या" म्हटलं, लॅबवाल्यानं सुई टोचली आणि निघाली! टोचलीच नसती तर कुठून निघाली असती? आपल्या भाषेत इतकं वैद्यकशास्त्र भरलेलं असताना माणसं तपासण्या करायला जातातच कशी, हे कोडं मला सुटलेलं नाही.

तर आपल्या शरीरातून काहीही निघू नये अशी ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द.

सर्वांत आधी फॅमिली डॉक्टरपासून लांब राहा. हा माणूस धोकादायक असतो. तुम्ही खोकला दाखवायला जाता आणि तो न विचारता दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळतो. वर विचारतो, "तुमच्या वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा ते 52 वर्षांचे होते ना? तुम्हाला आता कितवं?" खोकल्याचा आणि वडिलांचा काय संबंध? त्यापेक्षा मोठ्या हॉस्पिटलांत गुडघ्याला एक, पोटाला एक आणि घशाला एक असे तीन वेगवेगळे डॉक्टर धरा आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवू नका. गुडघ्यासाठी रोज चाललेल्या वेदनाशामक गोळ्या बीपी वाढवतात, मूत्रपिंडालाही त्रास देतात. पण पोटवाल्याला गुडघ्याचं ठाऊक नाही आणि गुडघेवाल्यानं बीपी बघितलेलं नाही, म्हणजे सगळं कसं शांत.

आता लक्षणं. त्यांना घाबरायचं नसतं, त्यांना कारण द्यायचं असतं. रात्री तीनतीनदा लघवीला उठावं लागतं? थंडी आहे. सारखी तहान लागते? भाजी खारट झाली असेल. हाच मुद्दा लावून धरा, घरात भांडण होऊन विषय आपोआप बदलतो. चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय? मोबाइल. पायाची जखम महिनाभर चिघळतेय? चप्पल चावली. आणि काही न करता वजन चार किलोंनी उतरलं तर पेढे वाटा. त्यातले दोन स्वतः खा. हे सगळं एकाच माणसाला एकाच वेळी होत असेल तर कागदावर मात्र एकाखाली एक लिहू नका. लिहिलं की त्याची यादी होते, आणि ती यादी बघून डॉक्टरच्या आधी कंपाउंडरच निदान सांगतो.

बीपीची गोष्ट त्याहून सोयीची, कारण बहुतेकांना त्याचं काही लक्षणच जाणवत नाही. त्यामुळे "मला कुठे काय होतंय?" हे वाक्य इथे शंभर टक्के खरं असतं. तरी कुणी पट्टा बांधलाच तर जिना चढून धापा टाकत खुर्चीत बसा, आधी कडक चहा घ्या, लघवी दाबून ठेवा, पायावर पाय टाका आणि मोजत असताना जावयाबद्दल बोला. आकडा चढा येतो आणि "दगदगीनं वाढलंय" म्हणायला आपण मोकळे. खवट डॉक्टर मात्र पाच मिनिटं गप्प बसवतो, पाठ टेकायला लावतो, हात छातीच्या उंचीला ठेवतो, दोनदा मोजतो आणि आठवड्यानं पुन्हा बोलावतो. तेव्हाही 140/90 च्या वर आलं की तो ऐकत नाही. म्हणून त्या दुसऱ्या वेळी जायचंच नाही.

"या वयात एवढं असायचंच" हे वाक्य तर पाठच करून ठेवा. त्याची परंपरा थोर आहे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे डॉक्टर मॅकइन्टायर मूळचे कान-नाक-घशाचे; अध्यक्षांची प्रकृती वयाच्या मानानं छान आहे, असं ते जगाला सांगत. मार्च 1944 मध्ये ब्रुएन नावाच्या हृदयरोगतज्ज्ञानं मोजलं तर निघालं 186/108. पुढच्या वर्षी 12 एप्रिलला मेंदूत रक्तस्राव होऊन अध्यक्ष गेले, त्या दिवशीचा आकडा होता 300/190. वय 63. बिचाऱ्यांच्या काळी धड औषधंच नव्हती. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळी फुकट मिळते, म्हणजे तोच पल्ला गाठायला आपल्याला किती निग्रह लागत असेल बघा.

आणि गोळीचं तर बोलायलाच नको. "एकदा लागली की सुटत नाही" हे आपण गोळीबद्दल म्हणतो, आजाराबद्दल नाही. समजा लागलीच, तर दोन महिन्यांनी बीपी 128 वर आल्यावर ताबडतोब बंद करा. टेकू लावल्यापासून भिंत पडत नाहीये, तेव्हा टेकू काढायला हरकत नाही. शुगरच्या गोळ्यांचंही तसंच. त्या ठेवा कपाटात आणि सकाळी कारल्याचा रस प्या. रस इतका कडू लागतो की शुगर घाबरली असणार, अशी आपली खात्री पटते. त्या खात्रीवर दुपारी दोन आंबे सहज जिरतात.

लॅबला फसवायची जुनी युक्ती म्हणजे दोन दिवस आधी भात-साखर बंद, सकाळ-संध्याकाळ फेऱ्या. उपाशीपोटीची साखर 126 च्या आत आली की पास. पण हल्ली एचबीएवनसी नावाची एक चहाडखोर तपासणी आलीय. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि तेवढ्या दिवसांची साखर अंगाला चिकटवून बसतात. दसऱ्याचं श्रीखंड दिवाळीनंतरच्या रिपोर्टात सापडतं. साडेसहा टक्के आले की संपलं. इतकी खुनशी स्मरणशक्ती मी फक्त आमच्या आत्याची पाहिली आहे.

अगदीच मनाला खात असेल तर घरी येऊन रक्त नेणारं पॅकेज घ्या. भरपूर पानं येतात, व्हिटॅमिनांपुढे लाल अक्षरं असतात, ती घरच्यांच्या ग्रुपवर टाकता येतात. शिवाय त्या मुलाच्या बॅगेत बीपीचा पट्टा नसतो आणि कंबर मोजायची टेपही नसते. पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या वर आणि बायकांची 80 च्या वर गेली की धोका, असं हे डॉक्टर लोक म्हणतात. टेपनं मोजायचं, फुकटात! अशा तपासणीवर कोण विश्वास ठेवणार?

आशाताईंपासून मात्र सांभाळा. तिशी ओलांडलेल्यांची नावं त्यांच्याकडच्या फॉर्मवर असतात. तंबाखू खाता का, कंबर किती, आईवडिलांना काय होतं, असं दारात उभं राहून विचारतात आणि बीपी-शुगरला केंद्रावर बोलावतात. त्या आल्या की आजीला पुढे करावं. आमच्याकडे आजीच उठून केंद्रावर गेली, बीपी निघालं, गोळी घेते, आणि आता रोज संध्याकाळी फिरायलाही जाते. एवढ्या वयात शोभतं का?

असो, अजून पुष्कळ सांगता आलं असतं, पण लिहायला बसल्यापासून मी तिसऱ्यांदा उठतोय. पंखा पाचवर आहे, बाहेर वैशाखवणवा आहे, तरी यंदा थंडी जरा जास्तच पडलीय.