मिठागर रोडवरून

मुलुंड पूर्वेला मिठागर रोड नावाचा रस्ता आहे. दोन्ही अंगांना सोसायट्या, क्लासेस आणि औषधांची दुकाने झाली असली तरी ते नाव अजून खोटे ठरलेले नाही, कारण द्रुतगती महामार्गापलीकडे खाडीच्या दिशेने मिठागरे आहेतच. उन्हाळ्यात तिथे मिठाच्या पांढऱ्या राशी दिसतात आणि जुलैमध्ये बांधांच्या फक्त कडा पाण्यावर उरतात. केंद्र सरकारने २०२४ मध्ये कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड इथली मिळून सुमारे २५६ एकर मिठागराची जमीन धारावी पुनर्वसनातील घरांसाठी देण्यास मंजुरी दिली. तेव्हापासून या जमिनीबद्दल बोलताना जो तो ‘मोकळी जमीन’ म्हणतो, आणि मला खटकतो तो हाच शब्द.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चेंबर आहे. उधाणाच्या दिवशी, पाऊस बेताचा असला तरी, त्याच्या झाकणाच्या कडेने पाणी बुडबुडत वर येते. मुंबईच्या अनेक पर्जन्यवाहिन्यांची तोंडे भरतीच्या पातळीखाली आहेत, त्यामुळे समुद्र चढला की शहरातले पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही आणि ओहोटी लागेपर्यंत ते कुठेतरी थांबावे लागते. जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या, त्याही ओहोटी गृहीत धरून. पर्जन्यवाहिन्या सुधारण्याच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पाने हा आकडा ५० वर नेण्याचे ठरवले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी मोठी भरती होती. अशा दिवशी वाहिनीचा व्यास किती, यापेक्षा सखल जागा किती शिल्लक आहे, हे जास्त महत्त्वाचे ठरते.

म्हणून मी कागदावर एक साधा गुणाकार केला. २५६ एकरांवर फूटभर पाणी साठले, तर ते ३१ कोटी लिटरच्या वर जाते. पावसाळ्यात मिठागर आधीच बरेचसे भरलेले असते, तेव्हा एवढे सगळे पाणी ते आपल्यासाठी राखून ठेवते, असा माझा दावा नाही. पण तिथे भराव टाकून जोते उंच केले, की आज तिथे पसरणारे पाणी महामार्गाच्या अलीकडे, म्हणजे आमच्याच चेंबरपाशी येणार. दादरजवळच्या सखल हिंदमाता भागात पाणी साठवण्यासाठी मैदानाखाली टाक्या बांधाव्या लागल्या आणि त्यातले पाणी पंपाने उपसावे लागते. पंपाला वीज लागते, आणि आपली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे.

महापालिकेच्या २०२२ च्या वातावरण कृती आराखड्यात २०५० पर्यंत नेट झिरोचे, म्हणजे कार्बनचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. त्याच आराखड्यानुसार शहराच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा साधारण एक पंचमांश असून बहुतांश उत्सर्जन इमारतींसारख्या ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेतून होते. तरीही कार्बनचा विषय निघाला की आपण मेट्रो आणि विजेवरच्या बसपाशीच थांबतो. कांजूरच्या जमिनीवर मेट्रोची कारशेड करायची की आरेत, यावर सरकारे भांडली. झाडे वाचवायला मिठागर द्यायचे की मिठागर वाचवायला झाडे, असा तो पेच होता. दलदलीत भराव, खोल पाया आणि सिमेंट ओतून उभ्या केलेल्या टॉवरचा कार्बन कोणत्या रकान्यात जातो, हे मात्र त्या वादात कुणी विचारले नाही.

घरे नकोत, असे मी म्हणत नाही. रोज बदलापूरहून लोंबकळत येणाऱ्या माणसाला कामाजवळ घर मिळणे हे अर्थकारणाच्याही हिताचे आहे आणि कार्बनच्याही. प्रश्न जागेचा आहे, आणि ती जागा आपल्याकडे होती. मध्य मुंबईतल्या गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीवर रेल्वे स्टेशने हाकेच्या अंतरावर होती. १९९१ च्या नियमात या जमिनींचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांना आणि एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांना मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीच्या आवारात रिकाम्या असलेल्या तुकड्यापुरती उरवली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. तिथे मॉल आणि टॉवर झाले. ज्यांची घरे तिथे व्हायला हवी होती, त्यांना आता खाडीकाठ दाखवला जातो आहे आणि ‘दुसरी जागाच नाही’ असेही ऐकवले जाते आहे. धारावीतल्या कुटुंबाला कामधंद्यापासून तोडून पुराच्या तोंडी बसवायचे आणि त्याला पुनर्वसन म्हणायचे, हे मला पटत नाही.

२०१७ च्या पाणथळ नियमांनी मिठागरांना व्याख्येतूनच वगळले आहे, त्यामुळे कायद्याचा आधार पातळ आहे. महापालिका आता अर्थसंकल्पाबरोबर वातावरणाचा वेगळा अर्थसंकल्प मांडते. त्यात मुलुंड ते कांजूरच्या मिठागरांची नोंद पाणी साठवणारी मालमत्ता म्हणून व्हावी, आणि त्यांच्यावर एकही डंपर रिकामा होण्यापूर्वी तेवढे पाणी दुसरीकडे साठवायला किती टाक्या, किती पंप आणि वर्षाला किती युनिट वीज लागेल, हा आकडा लोकांपुढे ठेवला जावा. तो आकडा पाहूनही बांधकाम स्वस्त ठरले, तर माझे म्हणणे मी मागे घेईन.