बा कुटीला दोनच वाक्ये?

कस्तुरबा गांधींच्या, म्हणजे बांच्या, ज्या नव्या चरित्राचे एका लेखात मुक्तकंठाने कौतुक झाले आहे, ते मीही वाचले. माझे मत मात्र संमिश्र आहे. दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्ती पद्धतीने न झालेले विवाह न्यायालयाने अमान्य ठरवल्यावर १९१३ मध्ये बांनी सक्तमजुरी पत्करली, तो भाग उत्तम उतरला आहे. पुढे लेखणी वारंवार बापूंकडेच वळते. १९३८ मध्ये बा पुरीच्या जगन्नाथ मंदिरात गेल्या, तेव्हा तिथे दलितांना प्रवेश नसल्याने बापू किती व्यथित झाले हे सविस्तर येते. त्या श्रद्धाळू बाईला दर्शनाची ओढ का वाटली असेल, यावर एक ओळही नाही. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्राम आश्रमातही पाहुण्यांना आधी बापू कुटीच दाखवतात म्हणा. तरीही सेवाग्रामच्या सततच्या राबत्यात बांची होणारी कुचंबणा ओळखून उद्योगपती जमनालाल बजाज यांनी त्यांना मातीची, कवेलूंची बा कुटी बांधून दिली, हे दोन वाक्यांत उरकणे खटकते. पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील कैदेत २२ फेब्रुवारी १९४४ रोजी झालेला बांचा मृत्यू मात्र गहिवर न आणता लिहिला आहे. पेनिसिलीन द्यावे हा मुलगा देवदास यांचा आग्रह आणि त्याला बापूंचा विरोध, दोन्ही लेखकाने न झाकता मांडले आहेत.