पुतळ्याशेजारची खुर्ची

"मामा, बेसबॉल दाखवतो," म्हणून भाच्याने मिलवॉकीच्या स्टेडियमच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, थेट शेवटच्या रांगेत नेऊन बसवलं. समोर छताची भलीमोठी तुळई. शेजारी एक गृहस्थ निवांत बसलेले. मी दोनदा "हॅलो" म्हटलं, उत्तर नाही. तेवढ्यात पुढच्या रांगेतले, कानाला ट्रान्झिस्टर लावलेले आजोबा वळून म्हणाले, "तो ब्राँझचा आहे."

भाचा हे अजून फोन करकरून नातेवाइकांना सांगतोय.

आजोबांना तेवढंच निमित्त पुरलं. "बॉब युकर. आमच्या मिलवॉकीचाच. सहा मोसम खेळला. फलंदाजीची सरासरी .२००, म्हणजे रडकीच. होमरन, म्हणजे बेसबॉलचे षटकार, सगळे मिळून १४."

"मग पुतळा कशाला?"

आजोबांनी रेडिओचा आवाज बारीक केला. प्रकरण गंभीर होतं. "१९७१ ते २०२४. ब्रूअर्सचं, म्हणजे इथल्या संघाचं, रेडिओ समालोचन. ५४ मोसम!" पुढे कथाच लागली. युकर कॅचर, म्हणजे बेसबॉलचा यष्टिरक्षक. १९६७ साली हातातून चेंडू सोडण्यात अख्ख्या लीगमध्ये पहिला. नकलबॉल, म्हणजे हवेत डगमगत येणारा चेंडू, कसा पकडायचा, असं विचारलं की सांगायचा, घरंगळायचा थांबू द्यायचा, मग उचलायचा. १९६४च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम लढतीत, तर पठ्ठ्याने बँडवाल्यांचा ट्यूबा, तो मोठा पितळी भोंगा, उचलून सरावाचे चेंडू त्यात झेलले! स्वतःच्या फजितीवर याने जन्मभर भाकरी कमावली. माझ्या फजितीवर भाचा फुकट हसतो.

खुर्चीचाही उलगडा झाला. बिअरच्या एका जाहिरातीत युकरला चांगल्या जागेवरून उठवतात. आपल्याला पहिल्या रांगेत नेताहेत असं समजून तो ऐटीत निघतो आणि पोचतो शेवटच्या रांगेत. म्हणून इथल्या अडचणीच्या जागांना त्याचं नाव. एके काळी तिकीट एक डॉलर. मी भाच्याकडे पाहिलं. तो पॉपकॉर्नमध्ये डोकं घालून बसला.

त्यात पुतळ्याशेजारची खुर्ची म्हणे फोटोसाठीच असते. दर पाच मिनिटांनी कोणीतरी "एक्सक्यूज मी, सर." मी उठायचं, त्यांनी बसायचं, आणि उभाच आहे तर मोबाइल माझ्याच हातात. "जरा आडवा धरा," हे वर आजोबांचं! बासष्टाव्या वर्षी, सांध्यांचं तेल संपलेलं असताना, सातासमुद्रापार येऊन मी फुकटचा फोटोग्राफर झालो.

आमच्याकडेही बाळ ज. पंडित रणजी खेळले आणि मग आकाशवाणीवर मराठीतून समालोचन करू लागले. वाड्यात एका रेडिओभोवती आम्ही पंधराजण. मैदान मैलोगणती लांब, पण चेंडू कुठे गेला ते दिसायचं. इथे मैदान समोर आणि दिसतेय तुळई.

एका जाडजूड कुटुंबाला मी फ्रेममध्ये कोंबत असतानाच स्टेडियम गरजलं. होमरन! मी वळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आजोबांनाही दिसलं नव्हतं. पण ते ढिम्म बसून. त्यांचा रेडिओ काही सेकंद मागे. सगळं स्टेडियम खाली बसलं, आणि मग आजोबा एकटेच दोन्ही हात वर करून ओरडत उठले.

त्या कुटुंबाच्या फोटोत तेच आलेत. माझ्याकडे दुसरा काढून मागितला.