आईच्या कॉफीच्या डब्यावर जेनेटिक्स सोडणाऱ्यांनो

आज सकाळी स्वयंपाकघरात गेले तर आईचा कॉफीचा डबा जागेवर नाही. शोधला तर वरच्या फळीवर, मोठ्या कुकरच्या मागं. तिनंच ठेवला होता, स्टुलावर चढून, ते पण असल्या गुडघ्यांनी! विचारलं तर म्हणे, "रात्री दादाचा फोन आल्ता. कॉफीनं गुडघे झिजायलेत म्हनं, शास्त्रज्ञांनी जीन का काय ते तपासून सांगितलंय."

तो मेसेज घरच्या ग्रुपवर मी पण बघितला होता, लाल अक्षरात "जेनेटिक पुरावा" आणि खाली "सर्वांना पाठवा". सोडून दिला. चुकलंच माझं. दादा, तू हे वाचणारच आहेस, तर नीट वाच.

अभ्यास खोटा नाही, हे आधीच सांगते. मी बारावीला बायोलॉजी शिकवते, उगाच विज्ञानाला शिव्या घालणार नाही. २०२० साली साउथ ऑस्ट्रेलिया विद्यापीठाच्या लोकांनी यूके बायोबँक, म्हणजे ब्रिटनमधल्या लोकांची तब्येतीची आणि जीनची माहिती साठवणारा मोठा संग्रह, त्यातल्या तीन लाखांवर माणसांची माहिती घेतली, हजारावर आजार तपासले आणि कॉफीचा ओढा वाढवणारे जीन ज्यांच्यात आहेत त्यांच्यात सांध्यांची झीज थोडी जास्त दिसली. दिसली, मान्य.

आणि पद्धत तर लई भारी आहे. नुसतं कॉफी पिणारे अन् न पिणारे असे दोन गट करून गुडघे मोजले तर काय कळणार? कोणी सिगारेट पितो, कोणी बसून असतो, कोणी गुडघा दुखतो म्हणून बसतो आणि बसल्या बसल्या कॉफी पितो. म्हणून हे लोक माणसाचे जीन बघतात. आईबापाकडून कुठला जीन यायचा ती चिठ्ठी जन्माआधीच निघालेली असते, मेंडेलनं १८६६ मध्ये वाटाण्यावरून छापलं तेच, आणि नंतर गुडघा दुखला म्हणून ती चिठ्ठी बदलत नाही. सीवायपी१ए२ नावाचा एक जीन आहे, लिव्हरमधलं कॅफिन फोडणारं एन्झाइम त्याच्यावरून बनतं. ज्याचं कॅफिन पटकन फुटतं तो परत कप भरतो. म्हणजे कप जास्त, पण रक्तात कॅफिन उलट कमी! मग दोष कॅफिनला द्यायचा तरी कसा? हे त्या मेसेजमध्ये होतं का? कुठलं आलं.

आणखी एक. कॉफीचे म्हणून जे जीन धरतात त्यातल्या काहींचा वजनाशी पण संबंध लागतो, आणि वजन येतं कुठं, गुडघ्यावरच ना. त्याच अभ्यासात लठ्ठपणा पण निघाला होता. मग झीज कॉफीनं झाली का वजनानं, हा गुंता काही पूर्ण सुटलेला नाही. शिवाय माणसं ब्रिटनमधली गोरी. आपल्याला लागू नाहीच असं नाही म्हणत मी, पण लातूरच्या बाईचा डबा काढून घ्यायला एवढं पुरत नाही. आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) हा झिजेपेक्षा वेगळा आजार, त्याचा आणि कॉफीचा २०१८ च्या एका जीनवाल्या अभ्यासात संबंध सापडला नव्हता, पण मेसेजवाल्यानं सगळ्या सांध्यांची एकच भाजी केली.

आता आईचे गुडघे. १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची, आज्जीबरोबर खडी फोडायला जायची, उकिडवं बसून, दुपारी सुकडी मिळायची म्हणून. मग चाळीस वर्षं खुरपणी, ज्वारीची काढणी, सोयाबीन. २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, त्या उन्हाळ्यात ही कमरेवर घागर घेऊन टँकरच्या लायनीत, आणि तेव्हाच जिना उतरताना भिंत धरायची. डॉक्टर म्हणले वंगण संपलंय. कॉफी तिच्या आयुष्यात आली २०१९ ला! बाबा ॲडमिट होते, वॉर्डाबाहेर रात्रभर बसायची आणि कोपऱ्यातल्या मशीनची दहा रुपयांची कॉफी प्यायची. बाबा गेले, कॉफी राहिली. जीनबीन सोड दादा, नुसती सालं बघ ना, काय आधी आणि काय नंतर!

घागर कोणी फळीवर ठेवली नाही तिची. खुरपं कोणी लपवलं नाही. तेव्हा कुठं होता पुरावा? तू पण होतास घरात, मी पण होते.

जाऊ दे. तुला काळजी आहे, माहितीये मला. पुण्यात बसून दुसरं काय करणार, फोनच करणार. पण पुढच्या वेळी तिला फिजिओकडं घेऊन जा, मांडीचे व्यायाम करून घे तिच्याकडून, त्याचा उपयोग तरी होतो.

आत्ता चार वाजता मी डबा खाली काढला. आई म्हणाली, "अर्धाच कप कर." मग दूध तापेपर्यंत गप बसली आणि हळूच विचारलं, "चहाचं काय लिवलंय का गं त्याच्यात?"

मी खरं ते सांगितलं, की ह्यातल्या काही जीनांचा चहाशी पण संबंध लागतो.

ती दोन मिनिटं कपाकडं बघत राहिली. "मग हे दादाला सांगू नको."